ठोक्यांचे दप्तर

महसूल खात्यात चौतीस वर्षे दप्तर सांभाळून जो मनुष्य निवृत्त झाला आहे, त्याला नातेवाइकांच्या घरी मुक्कामास गेल्यावर दोन गोष्टींचा मोह आवरत नाही: एक, आंघोळीच्या पाण्याची तजवीज काय आहे हे पाहणे, आणि दुसरी, यजमानांचे एखादे अस्ताव्यस्त कपाट हुडकून त्यातील चीजवस्तू, कोणी विनंती केलेली नसताना, क्रमवार लावून देणे. गेल्या उन्हाळ्यात मँचेस्टरला मामेभावाकडे दोन महिने राहण्याचा योग आला तेव्हा पाण्याची व्यवस्था निर्दोष आढळली. त्यामुळे माझा सारा रोख साहजिकच कपाटाकडे वळला. ज्या कपाटात कोणत्याही मर्यादशील मराठी गृहस्थाकडे पंचांग, ज्ञानेश्वरी आणि विम्याचे कागद नांदत असतात, त्या कपाटात दादाने ‘हाउस’ नामक नृत्यसंगीतातील अभिजात गाण्यांची संकलने भरून ठेवली होती. मोजदाद केली; अल्बम ४१ भरले. बहुतेकांत तीन-तीन सीडी, प्रत्येक सीडीवर वीसेक गाणी, आणि प्रत्येक वेष्टनावर एकच कैफियत निरनिराळ्या शब्दांत मांडलेली: ते दिवस गेले, त्या रात्री गेल्या, तो नाचही गेला, परंतु योग्य मोबदला भरल्यास सर्व काही परत मिळेल.

“भाऊजी, ती एकच गाणी आहेत हो, एक्केचाळीस वेळा विकत घेतलेली,” वहिनी चहाचा कप पुढे करीत म्हणाल्या. “तुम्ही कचेरीतले. एकदा रीतसर यादी करून द्या, म्हणजे ह्यांना पटेल.”

हुकूम मिळाल्यावर मी थांबणारा नव्हे. कोऱ्या कागदावर रकाने आखले आणि अनुक्रमांक, गाण्याचे नाव, गाणारा, कालावधी, शेरा अशा शिस्तीने तपासणीस आरंभ केला. चौथ्या दिवशी निष्कर्ष हाती आला, आणि तो वहिनींच्या बाजूने होता. रॉबिन एस हिचे ‘शो मी लव्ह’ ४१ पैकी २९ अल्बमांत होते. इनर सिटीचे ‘गुड लाइफ’ त्याच्या पाठोपाठ. अल्बमांची नावे मात्र दर वेळी नवी असत. एक ‘अस्सल’, दुसरा ‘सर्वोत्कृष्ट’, तिसरा ‘अंतिम’. आणि ‘अंतिम’च्या पुढच्याच वर्षी ‘अंतिम, भाग दुसरा’. ज्या महाराष्ट्रात ‘शेवटचे पाच प्रयोग’ अशी जाहिरात झालेले नाटक पुढे दोन वर्षे सुखेनैव चालते, तेथून आलेल्या मला या दुसऱ्या अंताचे विशेष नवल वाटले नाही.

नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. दादा रोज संध्याकाळी कामावरून आला की एखादी सीडी लावी, आवाज चांगला चढवी, आणि गाणे सुरू होताच स्वतः मात्र शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेई. मला वाटले, त्यालाही ते सहन होत नसावे. परंतु मग लावतो कशाला, या शंकेचे निरसन होईना. शेऱ्याच्या रकान्यात मी ‘खुलासा मागवावा’ असे लिहून ठेवले.

‘हाउस’ म्हणजे घरगुती संगीत, म्हणजे ओव्या, अंगाई, फार तर सत्यनारायणाची आरती, अशी माझी प्रथमदर्शनी समजूत झाली होती हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः ते नाव घराचे नसून गोदामाचे आहे. शिकागो शहरात साउथ जेफरसन स्ट्रीटवरील २०६ क्रमांकाच्या इमारतीत १९७७ साली ‘वेअरहाउस’ नावाचा नृत्यक्लब निघाला. न्यूयॉर्कहून मुद्दाम आणविलेले फ्रँकी नकल्स नावाचे तरुण गृहस्थ तेथे तबकड्या लावीत. आणि ते जे लावतात ते ‘वेअरहाउस’चे संगीत, या वहिवाटीने पुढे नुसते ‘हाउस’ एवढेच शिल्लक राहिले. आपल्याकडे नाव आखडताना पूर्वार्ध ठेवण्याची चाल आहे. पुरुषोत्तमाचा पुरू होतो, उत्तम कधी होत नाही. शिकागोकरांनी उत्तरार्ध राखला आणि गोदामाचे घर केले. ते एका अर्थी यथार्थही होते, कारण तेथे नाचणारी मंडळी बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिनो, आणि त्यांतही पुष्कळसे समलिंगी तरुण. शहरातील इतर पुष्कळ दारांवर ज्यांचे स्वागत होत नसे, त्यांना त्या गोदामाइतके घर दुसरे नव्हते.

या संगीताचा ठेका समजावून सांगणे मराठी माणसाला अगदी सोपे आहे. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास मात्रा, आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा एक सारखा, निर्विकार ठोका. आपल्या तालात एक सम असते, एक खाली असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये श्रोत्याची अब्रू टांगलेली असते. भलत्याच ठिकाणी मान हलविली तर शेजारचा जाणकार आपल्याकडे कसे पाहतो हे ज्याने सवाई गंधर्व महोत्सवात भोगले आहे त्यालाच ठाऊक. हाउस संगीतात प्रत्येक मात्रा हीच सम. खाली नाही, टाळी नाही, चुकण्यास वावच नाही. तालाच्या बाबतीत इतकी सर्वसमावेशक राज्यघटना मी अन्यत्र पाहिली नाही.

आता या संगीतावर स्मरणरंजनाचा आरोप हल्ली केला जातो, आणि तोही जणू काही ते म्हातारपणी जडलेले व्यसन असावे अशा सुरात. दादाच्या कपाटातील वेष्टनांच्या आत छापलेला मजकूर भिंग लावून वाचल्यानंतर, आणि दादाच्या तोंडून उरलेला भाग ऐकल्यानंतर, माझे मत असे झाले आहे की हे संगीत जन्मतःच स्मरणरंजनात बुडालेले होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्को संगीताचे दहन योजिले होते. जो एक डिस्कोची तबकडी घेऊन येईल त्याला ९८ सेंटांत प्रवेश. दोन सामन्यांच्या मध्यंतरात तबकड्यांची पेटी स्फोटकांनी उडविण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि दुसरा सामना यजमान संघाला न खेळताच गमवावा लागला. होळी आपल्याकडेही होते, परंतु ती पेटविल्याबद्दल स्वतःचाच डाव जप्त करून घेण्याची पद्धत नाही. त्या दिवशी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणारा विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा हजर होता, आणि लोक जाळावयास आणीत होते त्यात डिस्कोच नव्हे तर कृष्णवर्णीयांच्या इतरही तबकड्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. पाचच वर्षांनी, १९८४ साली, ज्या ‘ऑन अँड ऑन’ला पुष्कळ लोक हाउसची पहिली तबकडी मानतात ती जेसी सॉन्डर्स यांनी काढली, त्या कामात हाच मुलगा भागीदार होता.

डिस्कोची हवा गेल्यावर नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा नकल्स यांनी जुन्याच गाण्यांच्या ध्वनिफिती कापून, जोडून, त्यांतील नाचाजोगा भाग दुप्पट-तिप्पट लांबवून, प्रसंगी खाली यंत्राचा ठोका घालून, मृत ठरविलेल्या संगीताला रात्रभर उभे ठेवले. हाउस म्हणजे डिस्कोने घेतलेला सूड, असे ते स्वतःच म्हणत. सूड असो वा श्राद्ध, मूळ प्रक्रिया संकलनाचीच होती. इतकेच नव्हे, तर शिकागोतील ट्रॅक्स या कंपनीच्या आरंभीच्या तबकड्या जुन्या तबकड्या वितळवून केलेल्या व्हायनिलवर छापल्या जात, अशी त्यांची ख्याती आहे. त्यामुळे कोरी तबकडी दुकानातून घरी आणली तरी ती पहिल्याच दिवशी आजोबांसारखी खाकरत असे. ज्या संगीताचा देहच जुन्या गाण्यांचा रस आटवून घडला, त्याने तिशी ओलांडल्यावर गतकाळाचे कढ काढू नयेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारी नोकर या नात्याने मला या इतिहासात एका गृहस्थांविषयी विशेष आपुलकी वाटते. मार्शल जेफरसन हे शिकागोच्या टपाल खात्यात नोकरीला होते. पत्रांची वर्गवारी करून उरलेल्या वेळात त्यांनी उधारीवर वाद्ययंत्रे घेतली. वाजविण्याचा सराव नसल्यामुळे सुरावट अगदी मंद गतीत वाजवून मग यंत्राकरवी ती जलद केली. आणि १९८६ साली त्यातून ‘मूव्ह युवर बॉडी’ हे गाणे निघाले, ज्याला हाउसचे राष्ट्रगीत म्हणतात. माझ्या यादीत ते २२ ठिकाणी आढळले. आमच्या खात्यातही कामकाज मंद गतीने चालत असे. ते पुढे जलद करून देणारे यंत्र तेवढे आम्हाला कोणी पुरविले नाही.

यंत्रांचीही एक करुण कथा आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांत टीबी-३०३ नावाची एक लहानशी चंदेरी पेटी बाजारात आणली. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला मागे बासची साथ मिळावी, एवढाच तिचा माफक हेतू होता. परंतु ती बासचा आवाज सोडून सर्व प्रकारचे आवाज काढी, म्हणून १९८४ साली तिचे उत्पादन बंद झाले आणि ती जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जाऊ लागली. तेथून ती शिकागोतील काही पोरांच्या हाती पडली. त्यांनी तिच्या खुंट्या वाटेल तशा पिळल्या, आणि कोणी तरी चिखलात रबरी चपला घालून चालत असताना त्याच वेळी रडतही असावे, असा जो आवाज निघाला त्याची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी फ्यूचर या नावाने १९८७ साली प्रसिद्ध केली. म्युझिक बॉक्स या क्लबात रॉन हार्डी यांनी ती प्रथम लावली तेव्हा नाचाची जागा ओस पडली. त्यांनी त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा लावली, आणि चौथ्यांदा लावली तेव्हा लोक बेभान झाले, असे सांगतात. कारल्याच्या भाजीच्या बाबतीत माझ्या आईने हाच प्रयोग चाळीस वर्षे केला. यश एवढ्या लवकर आले नाही.

परंतु या पेटीचा खरा चमत्कार शिकागोत झाला नाही, तो आपल्या मुंबईत झाला, आणि तोही पाच वर्षे आधी. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजविणारे आणि लग्नसमारंभांतूनही कार्यक्रम करणारे चरणजित सिंग यांनी हीच पेटी, तिची टीआर-८०८ ही ठेका देणारी बहीण आणि एक सिंथेसायझर अशी तीन यंत्रे घेऊन १९८२ साली भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले, आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. आज ती ऐकणारा कोणीही शपथेवर सांगेल की हे अ‍ॅसिड हाउस आहे. त्या काळी मात्र कोणीच काही सांगितले नाही. ती तबकडी निमूटपणे विस्मृतीत गेली, आणि २०१० साली एका डच संग्राहकाच्या खटपटीने पुन्हा निघाली तेव्हा कोठे जगाचे डोळे विस्फारले. उतारवयातील त्या गृहस्थांना युरोपात वाजविण्याची आमंत्रणे आली, आणि २०१५ साली त्यांचे निधन झाले. दादाच्या ४१ अल्बमांत चरणजित सिंग कोठेही नाहीत. प्रथम मला हा पक्षपात वाटला. मागाहून त्यातील न्याय लक्षात आला. स्मरणरंजनाला गुणवत्ता पुरत नाही, त्याला साक्षीदार लागतात. यमनावर कोणी रात्रभर नाचले नाही, कोणी कोणाच्या प्रेमात पडले नाही, कोणाची शेवटची बस चुकली नाही. मग आठवावे कोणी, आणि विकत घ्यावे ते काय?

इंग्लंडात साक्षीदारांची टंचाई कधीच नव्हती. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली यांचे ‘जॅक युवर बॉडी’ तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे बिल्ले लावलेली तरुण प्रजा कारखान्यांत, गोदामांत आणि शेतांत रात्र-रात्र नाचू लागली. १९८९ साली ‘राइड ऑन टाइम’ हे इटालियन मंडळींचे गाणे सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातील आवाज लोलिएटा हॉलोवे या गायिकेच्या १९८० सालच्या तबकडीतून विनापरवाना उचललेला, पडद्यावर ओठ हलविणारी रूपवती दुसरीच, आणि तक्रार झाल्यावर नव्याने ध्वनिमुद्रण केले तेव्हा गळा तिसरीचा. इंग्रज लोक या प्रकाराने फार हादरले म्हणे. पार्श्वगायनाच्या देशातून आलेल्या माझ्या मनावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. मी दादाला एवढेच विचारले की तुझ्या अल्बमांत यांपैकी कितवीचा गळा आहे. ते त्याला सांगता आले नाही. शेऱ्यात ‘वारसा वादग्रस्त’ अशी नोंद केली.

शेवटी सरकारला जाग आली, आणि १९९४ सालच्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात उघड्यावर भरणाऱ्या अशा निशाजलशांवर पोलिसांना अधिकार देण्यात आले. त्या कायद्यात ‘संगीत’ या शब्दाचा अर्थ सांगताना, एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचे उत्सर्जन ज्यांत पूर्णतः वा प्रामुख्याने होते असे ध्वनीही त्यात धरावेत, असे म्हटले आहे. मी हयातभर कायद्याची भाषा वाचली, परंतु ठोक्यांचे ‘उत्सर्जन’ वाचून त्या अनाम मसुदाकाराला मनोमन मुजरा केला. ही व्याख्या आपल्याकडे लागू केली तर गावची पिठाची गिरणी, गणपतीतील ढोलपथक आणि बेचे पाढे म्हणणारा बालवर्ग असे तिघेही एकाच कलमाखाली येतील.

उघड्यावरचा नाच असा कायद्याच्या कचाट्यात सापडला, तोवर व्यापाऱ्यांनी बंदिस्त नाचाची उत्तम सोय केलेली होती. लंडनमध्ये एका बंद पडलेल्या बस-गॅरेजात १९९१ साली निघालेल्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ या क्लबाने सीडी काढण्यास आरंभ केला, आणि १९९५ पासून ‘द अ‍ॅन्युअल’ या नावाने हिवाळ्याच्या तोंडाशी एक वार्षिक संकलन येऊ लागले. दिवाळी अंकाचा याहून शुद्ध अवतार मला ठाऊक नाही: ठरलेल्या ऋतूत येणारा, मुखपृष्ठ आकर्षक, नावे ओळखीची, आणि घरी आणल्यावर पूर्ण न वाचला तरी न घेतल्याची रुखरुख लावणारा. पुढे ग्राहकांचे वय वाढले, गुडघे बोलू लागले, तशी ‘या वर्षीची गाणी’ मागे पडून ‘त्या वर्षीची गाणी’ पुढे आली, आणि दादाचे कपाट भरू लागले.

दादा मुंबईहून मँचेस्टरला आला तो १९८८ साली, वस्त्रविद्या शिकण्यासाठी. मामा लालबागच्या गिरणीत जॉबर होते. गिरण्या संपाने बसल्या तरी आपला मुलगा कापडाच्या विद्येत पारंगत व्हावा म्हणून त्यांनी त्याला कापडाच्या काशीत धाडले, आणि काशीत पोहोचल्यावर दादाला कळले की तेथीलही गिरण्या केव्हाच थंडावल्या असून गोदामांत लोक नाचत आहेत. (पुढे लोअर परळलाही तेच झाले, मँचेस्टर आपल्यापुढे एवढेच.) त्यांपैकी सर्वांत नामांकित गोदाम म्हणजे ‘हासिएंडा’. फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने १९८२ साली उघडलेल्या या क्लबाविषयी मला आदर वाटतो तो त्याच्या दफ्तरी शिस्तीमुळे: ही कंपनी आपल्या प्रत्येक वस्तूला नोंदक्रमांक देई, क्लबाचा क्रमांक ५१, आणि क्लबात वावरणाऱ्या मांजराचा १९१. मांजराची आवक-नोंद करणारी कचेरी मी तरी पाहिली नाही.

या हासिएंडात दादा किती वेळा गेला होता, याबद्दल मात्र दप्तरात एकवाक्यता नव्हती. माझ्याशी बोलताना तो “जायचो अधूनमधून” म्हणे; पाहुण्यांसमोर “दर शुक्रवारी” म्हणे.

“लग्न ठरलं तेव्हा एकदा गेले होते,” वहिनींनी पोळी लाटता लाटता साक्ष दिली. “मुलं झाली तेव्हा पाच-सहा वेळा. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तोवर ह्यांचं बिऱ्हाडच तिथे होतं.”

क्लब १९९७ साली बंद पडला. इमारत २००२ साली पाडली, आणि त्या जागी त्याच नावाचे फ्लॅट उभे राहिले. जलसा संपला, आता घरी यायला हरकत नाही, अशा आशयाची त्यांची जाहिरात होती. गोदामाचे हाउस झाले होते, त्या हाउसचे शेवटी खरेखुरे घर झाले. नाचाच्या फरशीच्या फळ्यांपासून पीटर हुक या वादकांनी बास गिटारी करविल्या. आणि जुलै २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पीट टाँग यांनी संपूर्ण वाद्यवृंदाकरवी ही गाणी वाजविल्यापासून, आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या वाद्यवृंदानेही ‘हासिएंडा क्लासिकल’ सुरू केले तेव्हापासून, हा नाच आता व्हायोलिनांच्या साक्षीने होतो. ज्या यंत्रांनी वादकांना घरी बसविले, त्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करण्यासाठी आता पन्नास वादकांना मानधन देऊन परत बोलाविले जाते. नियतीने इतक्या सचोटीने थकबाकी चुकती केल्याचे उदाहरण विरळा.

अशाच एका उघड्यावरच्या जलशाला दादा आम्हाला घेऊन गेला. प्रेक्षकवर्ग पन्नाशीच्या पुढचा. जे एके काळी पहाटेपर्यंत हटत नसत, ते घडीच्या खुर्च्या, रेनकोट आणि थर्मास घेऊन आले होते, आणि कार्यक्रम साडेदहाला संपणार आहे ना, याची आपसांत खातरजमा करून घेत होते. वाद्यवृंद सुरू झाला तशी सर्वांनी हात वर केले; काहींचे खांद्यापर्यंतच गेले. वहिनी, ज्यांना या संगीताचा तिटकारा आहे, त्या तालावर मनसोक्त नाचल्या. दादा मात्र तिसऱ्या गाण्याला अदृश्य झाला. मी शोधीत गेलो तो मैदानाच्या भिंतीबाहेर, तात्पुरत्या शौचकूपांच्या रांगेपलीकडे, विटांना पाठ लावून तो डोळे मिटून उभा होता.

“बरं वाटत नाही का रे?”

“नाही, तसं नाही,” तो ओशाळून म्हणाला. “तुला म्हणून सांगतो. मी आत कधी गेलोच नाही.”

“कुठे आत?”

“हासिएंडात. एकदाच गेलो होतो, एकोणनव्वद साली, शुक्रवारी. दोन तास रांगेत उभा होतो, पाऊस म्हणजे काय सांगू. दारावरच्यानं माझ्या बुटांकडे बघितलं आणि मान हलवली. शेवटची बस गेली होती. मग तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून नुसता ठोका येत होता. गाणं नाही, सूर नाही, नुसता ठोका. पाठीतून छातीत यायचा. आई-बाबांची आठवण आली की गिरणीची आली, कळलं नाही, पण असं वाटलं की आपण आता या गावचे झालो.” थोडे थांबून तो म्हणाला, “ते गाणं कुठलं होतं, ते शोधतोय. नवा अल्बम निघाला की वाटतं, यात असेल.”

सीडी लावून गॅरेजमध्ये जाण्याचा खुलासा मला असा मिळाला. परंतु चौतीस वर्षे फेरफार तपासलेल्या डोळ्यांना दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि त्या रात्री मी माझी यादी पुन्हा काढली. कालावधीच्या रकान्यात प्रत्येक गाणे साडेतीन-चार मिनिटांचे होते. एका सीडीत ऐंशी मिनिटे. त्यात वीस गाणी कोंबायची तर वाट्याला प्रत्येकी चारच येणार. मुळात मात्र ही गाणी बारा इंची तबकडीवर सहा-सहा, आठ-आठ मिनिटांची असत, आणि त्यांचा आरंभीचा मिनिटभर भाग म्हणजे नुसता ठोका असे. आधीच्या तबकडीला ही तबकडी बेमालूम जोडता यावी, एवढ्यासाठी ठेवलेला, सूर नसलेला, शब्द नसलेला, मोकळा ठोका. नकल्स जे लांबवीत होते ते संकलनकारांनी आखडले, आणि आखडताना प्रथम कात्री लावली ती नेमकी याच भागाला. दादा जे शोधीत होता ते या ४१ अल्बमांत असणे शक्यच नव्हते. सर्व गाण्यांतून ते एकजात वगळलेले होते.

दुसऱ्या दिवशी शहरातील एका जुन्या तबकड्यांच्या दुकानातून मी एक बारा इंची तबकडी आणली. कोणती, याला महत्त्व नव्हते. दुकानदाराला मी फक्त सुरुवातीचे मिनिटभर वाजवून दाखवायला सांगितले आणि पसंती दिली. वहिनींनी माळ्यावरून ग्रामोफोन काढून दिला. संध्याकाळी दादा आला. मी सुई टेकविली, आवाज चढविला, आणि काही न बोलता गॅरेजकडे बोट दाखविले. तो गॅरेजमध्ये गेला नाही. सरळ मागच्या दाराने अंगणात गेला, दार ओढून घेतले, आणि बाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ठोका सुरू झाला. काचेची भांडी हलली. खिडकीतून मला त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती; ती हलत नव्हती.

“आता पाऊस तेवढा बाकी आहे,” वहिनी म्हणाल्या. आणि ते गाव मँचेस्टरच असल्यामुळे तोही आला. त्यांनी माझ्या हातात छत्री दिली. मी दार किलकिले केले, तो दादाने हातानेच मला थांबविले. असे मिनिटभर गेले. मग पियानो आला, पाठोपाठ एका बाईने उंच सूर लावला, आणि दादा निथळत आत आला, टॉवेल घेतला, डोके पुसले.

“बंद कर आता,” तो म्हणाला. “यापुढचं सगळं आहे आपल्याकडे कपाटात.”